फिरत्या इंजिनाचा श्वास

इंजिनाची शक्ती पेट्रोलात असते असा सर्वसामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे. एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल द्रवरूप असल्याने बारीक नळीतूनही हवे तितके पुरविता येते. नऊ हजार लिटर हवा मात्र ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी, अरुंद वाटेने आत आणणे हे मोठेच संकट असते. म्हणून इंजिन बनविणाऱ्याचा निम्मा विचार हवेच्या वाटेचा असतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले जे विद्यार्थी आज आयटीआयमध्ये, एसटीच्या आगारांत अथवा स्वतःच्या गॅरेजमध्ये काम करीत आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. एअर फिल्टर तुंबलेली गाडी चढावर कशी धापा टाकते, हे ते रोज पाहतात.

या स्मरणिकेसाठी विज्ञानावरील लेख लिहिताना आम्ही हवेच्या वाटेचीच एक जुनी कथा निवडली आहे. ती पहिल्या महायुद्धाच्या काळातील विमानांच्या फिरत्या, म्हणजे रोटरी इंजिनांची आहे. आज रोटरी म्हटले की त्रिकोणी चक्राचे व्हँकेल इंजिन आठवते. त्याच्याशी या इंजिनांचा काही संबंध नाही. येथे नेहमीचेच सिलिंडर आणि नेहमीचेच दट्ट्ये, म्हणजे पिस्टन आहेत. वेगळे आहे ते एवढेच की, ज्या भागाने फिरायचे तो स्थिर आहे आणि ज्याने स्थिर राहायचे तो फिरतो आहे.

नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागच्या जागी असतात आणि मधला क्रँकशाफ्ट फिरतो. फिरत्या इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असतो, आणि त्याभोवती बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे मांडलेले सात किंवा नऊ सिलिंडर क्रँककेससह गरगर फिरतात. विमानाचा पंखा या फिरत्या क्रँककेसलाच जोडलेला असतो. लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियात दाबलेल्या हवेवर चालणारे असे यंत्र केले होते. परंतु या कल्पनेला खरे रूप दिले ते फ्रान्समधील लुई व लोराँ सेगँ या बंधूंनी. त्यांच्या ‘नोम’ कंपनीचे ५० अश्वशक्तीचे ‘ओमेगा’ इंजिन १९०९ साली विमानावर चढले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रँस येथील विमानमेळ्यात आंरी फार्मान यांनी त्याच्या बळावर १८० किलोमीटरचे उड्डाण करून अंतराचे पारितोषिक जिंकले.

इंजिनच फिरविण्याचा खटाटोप कशासाठी, असे वाचकांस वाटेल. त्या काळी इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्याचे रेडिएटर लागत आणि त्यांचे ओझे दुबळ्या विमानांना पेलत नसे. फिरणारे सिलिंडर स्वतःच हवा कापत जातात, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानाचे इंजिनही थंड राहते. शिवाय इतके वजन फिरत असल्याने वेगळे जड गतिचक्र, म्हणजे फ्लायव्हील लागत नाही. ओमेगाचे वजन अवघे ७५ किलोग्रॅमच्या आसपास होते. त्याचे सिलिंडर निकेलयुक्त पोलादाच्या सलग ठोकळ्यातून कातून काढीत आणि त्यांच्या भिंती सुमारे दीड मिलिमीटर जाडीच्या ठेवीत. हे काम ज्यांनी लेथवर उभे राहून केले, त्या कारागिरांची नावे इतिहासात नाहीत. आम्हांस मात्र या यंत्रातील सर्वांत नवलाची गोष्ट त्यांचा हातच वाटतो.

आता श्वासाकडे वळू. ओमेगाच्या सिलिंडरचा व्यास ११० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १२० मिलिमीटर होती. याचा अर्थ एका सिलिंडरची पोकळी सुमारे १,१४० घनसेंटिमीटर, म्हणजे एका मोठ्या तांब्याएवढी. इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेई, तेव्हा एका फेऱ्याला सेकंदाचा विसावा भाग लागे. चार धावांच्या चक्रात हवा आत घेण्याची धाव अर्ध्या फेऱ्याची असते; म्हणजे तांब्याभर हवा आत शिरायला सेकंदाचा चाळिसावा भाग मिळे. सातही सिलिंडर पूर्ण भरायचे तर इंजिनाला मिनिटाला सुमारे ४,८०० लिटर हवा हवी. एवढी हवा आणायची कोठून?

स्थिर इंजिनात उत्तर सोपे आहे. कार्ब्युरेटरपासून सिलिंडरच्या डोक्यापर्यंत एक नळी जोडावी, की झाले. पण जे सिलिंडर मिनिटाला १,२०० वेळा गरगरत आहेत, त्यांना बाहेरून नळी जोडणार कशी? या सगळ्या भोवऱ्यात स्थिर असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे मधला क्रँकशाफ्ट. सेगँ बंधूंनी तोच पोकळ केला. मागच्या टोकाला हवा आणि पेट्रोल आत येई, त्या पोकळीतून क्रँककेसमध्ये उतरे आणि तेथून सिलिंडरांकडे जाई. यापुढे पंधरा वर्षे जगातील बहुतेक सर्व फिरत्या इंजिनांनी याच एका नाकपुडीतून श्वास घेतला. तिचा आकार मात्र फारसा वाढविता येत नव्हता, कारण त्याच दांड्याला सगळ्या इंजिनाचा भार पेलायचा होता.

क्रँककेसपर्यंत आलेले मिश्रण दट्ट्याच्या खालच्या बाजूस थांबलेले असते. जळायचे असते वरच्या बाजूस. ओमेगात यावरचा उपाय धाडसी होता. दट्ट्याच्या माथ्यावरच एक झडप बसविली होती. दट्ट्या आत सरकू लागला की वरच्या पोकळीत हवा विरळ होई, दाबातील फरकामुळे झडप आपोआप उघडे आणि मिश्रण वर शिरे. तिला उघडण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नसे. परंतु आपोआप उघडणाऱ्या दाराचा एक दोष असतो. ते उघडण्यासाठी आधी आत पुरेशी पोकळी निर्माण व्हावी लागते. सेकंदाचा चाळिसावा भाग हाताशी असताना त्यातला काही काळ अशा प्रतीक्षेत जाई आणि तेवढा श्वास अपुरा राही.

त्याहून बिकट प्रश्न फिरण्यातून येणाऱ्या केंद्रोत्सारी प्रेरणेचा होता. १,२०० फेऱ्यांच्या गतीने केंद्रापासून ३० सेंटिमीटर अंतरावर फिरणाऱ्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे ४८० पट ओढ पडते. ५० ग्रॅमची झडप जणू २४ किलोची होते आणि ही ओढ तिला बाहेरच्या दिशेने, म्हणजे उघडण्याच्याच दिशेने खेचते. म्हणून झडपेला लहान प्रतिभार जोडून तिचा तोल साधावा लागे. तोल बिघडला, स्प्रिंग मऊ पडली किंवा काजळीने झडप अडकून उघडी राहिली, तर वरची ज्वाळा खाली उतरे. आणि खाली क्रँककेसमध्ये पेट्रोलचे मिश्रण भरलेले असे. पुढे काय होई, हे सांगायला नको. शिवाय ही झडप सिलिंडरच्या पोटात दडलेली असल्याने तिची निगा राखणे जिकिरीचे होते.

म्हणून १९१३ मध्ये नोम कंपनीने ती झडपच काढून टाकली. नव्या इंजिनाचे नाव ‘मोनोसुपाप’, म्हणजे फ्रेंच भाषेत एकझडपी. सिलिंडरच्या डोक्यावर धूर बाहेर सोडणारी निष्कास झडप तेवढी उरली. मिश्रण आत येण्यासाठी सिलिंडरच्या तळाशी, भिंतीतच गोलाकार रांगेने छिद्रे पाडली. दट्ट्या आपल्या धावेच्या अगदी खालच्या टोकाला पोचला की ही छिद्रे उघडी पडत आणि क्रँककेसमधील मिश्रण आत घुसे. ज्या वाचकांनी आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर खोलून पाहिली असेल, त्यांना ही छिद्रे ओळखीची वाटतील. तिच्याही सिलिंडरच्या भिंतीत अशीच द्वारे असतात आणि तिचेही पेट्रोल क्रँककेसमधूनच वर येते. फरक एवढाच की, स्कूटरमध्ये उतरणारा दट्ट्या खालचे मिश्रण दाबून वर ढकलतो, तर मोनोसुपापमध्ये वरची पोकळी ते शोषून घेते.

ही पोकळी साधण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. धूर बाहेर गेल्यावरही निष्कास झडप काही काळ उघडीच ठेवीत. दट्ट्या आत सरकू लागला की त्याच दाराने बाहेरची शुद्ध हवा आत येई. मग झडप बंद होई आणि दट्ट्या पुढे सरकत राहिल्याने आत पोकळी वाढत जाई. शेवटी छिद्रे उघडताच क्रँककेसमधील अतिशय दाट मिश्रण झपाट्याने शिरे आणि आधीच आलेल्या हवेत मिसळून जळण्याजोगे होई. क्रँककेसमधील मिश्रण मुद्दामच इतके दाट ठेवीत की ते एकटे पेट घेऊ शकत नसे. जुन्या झडपेने लागणाऱ्या आगीचे भय असे एका फटक्यात कमी झाले. एकच दार धूर सोडण्यास आणि ताजी हवा घेण्यास वापरणे, ही आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत चतुर कल्पना आहे.

तरीही छिद्रांचे गणित कठोर असते. समजा, ती फेऱ्याच्या ३६० अंशांपैकी ४० अंश उघडी राहिली; तर १,२०० फेऱ्यांच्या गतीने त्यांना सेकंदाचे जेमतेम साडेपाच सहस्रांश मिळतात. अधिक मिश्रण हवे म्हणून छिद्रे उंच करावीत, तर ती लवकर उघडतात व उशिरा मिटतात. संख्येने वाढवावीत, तर दीड मिलिमीटरची भिंत कमकुवत होते. त्यातही छिद्रांना झाकण नसल्याने ती चार धावांच्या चक्रात एकदा नव्हे, दोनदा उघडी पडतात. शक्ती देणाऱ्या धावेच्या शेवटी ती उघडतात, तेव्हा आत तापलेले जळते वायू असतात. ते क्रँककेसमध्ये शिरू नयेत यासाठी निष्कास झडप फार आधी उघडून दाब उतरवावा लागे. म्हणजे जी शक्ती अजून पंख्याला देता आली असती, ती धुराबरोबर बाहेर सोडून द्यायची. मोनोसुपाप पेट्रोल भरपूर पीत असे, त्याचे एक कारण हे आहे.

क्रँककेसमधून मिश्रण नेण्याचा आणखी एक परिणाम आपल्या शेतशिवारापर्यंत येऊन पोचतो. नेहमीचे खनिज तेल पेट्रोलात विरघळते. ज्या पोकळीत सतत पेट्रोलची वाफ खेळते, तेथे असे तेल वंगण म्हणून टिकत नाही. ते धुऊन निघते. एरंडेल मात्र पेट्रोलात सहजी विरघळत नाही आणि उष्णतेतही चिकटपणा राखते. म्हणून फिरती इंजिने एरंडेलावरच चालत. ते एकदा वापरले की धुराबरोबर बाहेर फेकले जाई आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर, कपड्यांवर व पोटातही जाई. पोटात गेलेल्या एरंडेलाचे पुढे काय होते, ते घरोघरच्या आजींना ठाऊक आहे. एरंडीच्या बियांचा मोठा निर्यातदार तेव्हा हिंदुस्थान होता. मराठीत निष्फळ बडबडीला आपण एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतो. त्याच एरंडाने युरोपातील दोन्ही पक्षांची विमाने आकाशात ठेवली होती.

झडपेविना चालण्याचा हट्ट न धरता ‘ल रोन’ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने वेगळा मार्ग घेतला. क्रँककेसपर्यंत मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधूनच येई. पण तेथून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यापर्यंत तांब्याची एकेक नळी नेलेली असे आणि ती नळी सिलिंडराबरोबरच फिरे. मिश्रण आता दट्ट्याखालून न येता वरच्या दाराने शिरू लागले. ते दार उघडण्यासाठी यांत्रिक झडप होती, त्यामुळे पोकळी होण्याची वाट पाहणे संपले. नळीतून बाहेरच्या दिशेने जाताना केंद्रोत्सारी प्रेरणेचाही थोडा रेटा मिळतो, परंतु आम्ही हिशेब करून पाहिला असता तो वातावरणाच्या दाबाच्या एक-दीड टक्क्याहून अधिक भरत नाही. खरा लाभ नियमिततेचा होता. ल रोनमध्ये प्रत्येक सिलिंडरला एकच दांडा असे. तो ढकलला की निष्कास झडप उघडे आणि ओढला की प्रवेशाची. अर्थात दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या ठेवणे त्यात अशक्य होते. पुढील काळातील वेगवान इंजिनांना हे परवडले नसते. १,२०० फेऱ्यांच्या इंजिनास ते चालून गेले. ८० आणि ११० अश्वशक्तीची ही इंजिने त्या काळातील सर्वांत भरवशाच्या इंजिनांत गणली गेली. १९१५ मध्ये नोम आणि ल रोन या कंपन्या एकत्र आल्या. नोम हे नावच मुळात जर्मनीतील ओबरउर्सेल कारखान्याच्या ‘ग्नोम’ इंजिनावरून आलेले होते. आणि युद्धात त्याच ओबरउर्सेलने ल रोनच्या धर्तीचे इंजिन बनवून जर्मन फॉकर विमानांना दिले. एकमेकांवर गोळ्या झाडणारे वैमानिक एकाच घडणीच्या इंजिनांमागे बसलेले असत.

या इंजिनांना आजच्यासारखा आपोआप मिश्रण राखणारा कार्ब्युरेटर नव्हता. हवेसाठी एक खटका आणि पेट्रोलसाठी दुसरा, असे दोन खटके वैमानिकाच्या हाती असत आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण त्याने कानाने ऐकून जुळवायचे. मोनोसुपापमध्ये तर हवेची वाट कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. वेग कमी करायचा तर ठिणगी बंद करून इंजिन क्षणभर मुके करीत. त्या वेळात न जळलेले मिश्रण बाहेर पडून इंजिनावरील आवरणात साठे आणि पुन्हा ठिणगी सुरू होताच कधी कधी पेट घेई.

सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानातील क्लर्जे इंजिनाचे वर्तन नवशिक्यांसाठी अधिकच जीवघेणे होते. विमान जमिनीवरून उचलले की थोड्याच वेळात पेट्रोलचा पुरवठा किंचित कमी करावा लागे. तो क्षण चुकला तर मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरे व बंद पडे. विमान जेमतेम झाडांच्या उंचीवर असे. त्यात फिरत्या इंजिनाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे कॅमल उजवीकडे वळताना नाक खाली घाली आणि डावीकडे वळताना वर उचली. प्रशिक्षणातच प्राण गमावलेल्या तरुणांची संख्या मोठी होती, आणि त्यांतील कित्येकांच्या मृत्यूचे मूळ हवा-पेट्रोलच्या प्रमाणात झालेल्या चुकीत होते. हे विमान ज्यांनी हाताळले त्यांत रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक हे एक होते. १९१७ मध्ये ते २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये कॅमल उडवीत असत. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

क्लर्जेच्या तापण्यावर उपाय शोधण्याचे काम ब्रिटिश नौदलातील डब्ल्यू. ओ. बेंटली या अधिकाऱ्याने केले. मोटारींमुळे त्यांचे नाव पुढे जगभर झाले. त्यांनी ॲल्युमिनियमचे सिलिंडर व आत लोखंडी अस्तर वापरले आणि त्यांचे दुसरे इंजिन, बीआर-२, २३० अश्वशक्तीपर्यंत गेले. फिरत्या इंजिनांची ही जवळजवळ शेवटची पायरी होय. तिचे आकडे मात्र बोलके आहेत. ओमेगाची एकूण पोकळी ८ लिटर आणि शक्ती ५० अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे सहाहून थोडी अधिक. बीआर-२ ची पोकळी सुमारे २५ लिटर, म्हणजे लिटरमागे नऊच्या आसपास. याच काळात पाण्याने थंड होणारे, स्थिर सिलिंडरांचे हिस्पानो-सुइझा इंजिन पावणेबारा लिटरांतून १५० अश्वशक्ती काढीत होते. लिटरमागे जवळजवळ तेरा. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय, जे जुलै १९१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी लढता लढता मृत्यू पावले, त्यांचे एस. ई. ५ए विमान या स्थिर इंजिनांच्या वंशातले होते. मलिक आणि रॉय हे दोन भारतीय तरुण अशा दोन वेगळ्या यंत्रयुगांमागे बसले होते.

फिरते इंजिन मागे पडण्याचे कारण आता स्पष्ट होईल. अधिक शक्तीसाठी अधिक हवा हवी. ती मिळविण्याचा सरळ मार्ग म्हणजे दर मिनिटाला अधिक श्वास, म्हणजेच अधिक फेरे. परंतु फेरे दुप्पट केले की केंद्रोत्सारी ओढ चौपट होते आणि सिलिंडरांनी हवा घुसळण्यात वाया जाणारी शक्ती आठपट. जे फिरणे इंजिनाला थंड ठेवीत होते, तेच त्याची शक्ती खाऊ लागते. मग उरतो दुसरा मार्ग, सिलिंडर मोठे करण्याचा. त्याने फिरते वजन वाढते, विमान वळविणे अवघड होते आणि हवा पुन्हा त्याच एका पोकळ क्रँकशाफ्टमधून आणावी लागते.

या कोंडीतून सुटण्याचा शेवटचा मोठा प्रयत्न जर्मनीतील सीमेन्स-हाल्स्के कंपनीने केला. त्यांच्या अकरा सिलिंडरांच्या एसएच-३ इंजिनात सिलिंडर एका दिशेने ९०० फेरे घेत आणि क्रँकशाफ्ट उलट दिशेने ९००. दट्ट्यांच्या दृष्टीने इंजिन १,८०० फेऱ्यांनी चालत होते आणि तितके श्वास घेत होते. बाहेरच्या हवेला मात्र ते ९०० फेऱ्यांचेच दिसे. उलटसुलट फिरण्याने भोवऱ्याचा त्रासही बहुतांशी मिटला. १९१८ च्या वसंतात ही विमाने आघाडीवर पोचली आणि दहा तासांच्या आतच इंजिने जखडू लागली. मंद फिरणाऱ्या सिलिंडरांना वारा कमी मिळत होता हे एक. दुसरे म्हणजे नाकेबंदीमुळे जर्मनीला एरंडेल मिळेनासे झाले होते आणि त्याऐवजी वापरलेले ‘व्होल्टोल’ हे तेल त्या उष्णतेत टिकत नव्हते. विमाने परत बोलावून दुरुस्त करण्यात आली, आवरणाचा खालचा भाग वारा लागावा म्हणून कापून काढला आणि नंतर त्यांनी उत्तम कामगिरी केली. तोवर युद्ध संपत आले होते.

१९२० नंतरच्या दशकात विमानांचा वेग इतका वाढला की पुढून येणारा वारा स्थिर सिलिंडरांनाही थंड करू लागला. आऱ्यांसारखी मांडणी तशीच राहिली, परंतु सिलिंडर थांबले आणि क्रँकशाफ्ट पुन्हा फिरू लागला. थांबलेल्या सिलिंडरांना बाहेरून हवी तेवढी रुंद नळी जोडता आली, आणि थोड्याच वर्षांत त्या नळीच्या तोंडाशी हवा दाबून आत भरणारा पंखाही बसविण्यात आला.